मृत्युपत्राचं काम करणाऱ्या आमच्या वकीलबाई: पाचपैकी चार, एक तारा जिन्यापायी कापला

उदगीरला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, तूर चुनी, हरभरा चुनी, मका भरडा. मी आणि धाकटा भाऊ भागीदार. गिऱ्हाईक देवणी, जळकोट आणि पलीकडं कर्नाटकातल्या औराद-कमालनगरपर्यंतचं, म्हणजे निम्मा धंदा उधारीवर. मला एकसष्ट पूर्ण झाली, साखर आहे, मुलगा दुकानात बसतो, मुलगी सोलापूरला दिलीय. मृत्युपत्र करून टाकावं म्हणून कोर्टाच्या रस्त्यावरल्या एका वकीलबाईंकडं गेलो.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे आणि बाईंनी स्वतःच बजावलं, "काका, बरं-वाईट काय वाटलं ते लिहा, पण माझं नाव नको." कोर्टाबाहेरच्या कुठल्याही टायपिंगवाल्याला ‘मृत्युपत्रवाल्या बाई’ विचारा, तो बोट दाखवील.

आम्हाला वाटलं होतं, नावं सांगायची, गट नंबर द्यायचे, संध्याकाळी सही. बाईंनी मृत्युपत्राचा कागदच काढला नाही. आधी भागीदारीचा करारनामा मागितला. तो निघाला वडिलांच्या काळातला, बाँडवर टाइप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला. वाचून त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघंच भागीदार ना? मग तुमच्यातला एक गेला की दुसऱ्या दिवशी पेढी कुणाची?"

भाऊ म्हणाला, दादाच्या जागी त्याचा मुलगा येईल, त्यात काय. तर तसं नाही. भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणं भागीदार वारला की पेढी विसर्जित होते, करारात वेगळं लिहिलं असेल तरच ती पुढं चालते. आणि भागीदार दोनच असतील तर तसं लिहूनही भागत नाही, कारण मागं राहिलेला एकटा माणूस भागीदारी करणार कुणाशी? बाईंचा उपाय सरळ होता. माझ्या मुलाला आणि भावजयीला आत्ताच भागीदार करून घ्या, नवा करार करा, त्यात पेढी चालू राहण्याचं कलम घाला आणि गेलेल्याचा हिशोब कोणत्या तारखेच्या ताळेबंदावर, किती हप्त्यांत द्यायचा तेही लिहा. भावजय पंधरा वर्षं दुकानाचं कीर्द-खतावणी बघते, तिचं नाव कागदावर यायला हे कारण लागलं.

मग बाईंनी उधारीची वही मागितली. मृत्युपत्राला उधारीची वही मागणारा वकील मी तरी ऐकला नव्हता. पण खरं सांगायचं तर आमची इस्टेट म्हणजे ती वहीच. पेढीची नोंदणी निबंधकांकडं नसेल तर त्याच भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं येतं, बाकीदारावर पेढीच्या नावानं दावाच लावता येत नाही. शिवाय मुदतीचा कायदा १९६३ चा: बाकी तीन वर्षांत वसूल झाली नाही किंवा दावा लागला नाही की ती कोर्टाच्या दृष्टीनं गेलीच. मुदत संपायच्या आत बाकीदारानं सहीनिशी कबुली दिली तर तिथून पुढं नव्यानं तीन वर्षं मोजतात. आता दिवाळीला जुन्या गिऱ्हाइकांना पेढा देतो आणि बाकीच्या आकड्याखाली सही घेतो. कुणाला राग येत नाही. एकानं फक्त विचारलं, "शेठ, दुकान विकाया काढलं का?"

पेढीच्या सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायच्या) कर्जाला आमचं राहतं घर तारण आहे, तेही त्यांनी लिहून घेतलं. बाईंचं म्हणणं असं की वारसाला बापाचं देणं त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच लागतं, स्वतःच्या कमाईवर ते येत नाही. पण तारण घर हे त्या मालमत्तेतच धरलं जातं, म्हणून मुलाला बँकेचे कागद आत्ताच दाखवून ठेवा.

गोदाम भाड्याचं आहे, वडिलांच्या वेळेपासून. मी म्हटलं, तेही मुलाच्या नावं लिहा. बाई हसल्या. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ असं बघतो की भाडेकरू गेला त्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा घरचा माणूस कोण. म्हणून गोदामाचा जावक-आवक रजिस्टर मुलाच्या सहीनं ठेवा, हा त्यांचा सल्ला.

शेताचा भाग सगळ्यांत अवघड गेला. देवणीकडं वडिलोपार्जित आठ एकर आहे, दोन बहिणी आहेत. आमच्याकडं रीत काय, बहिणीला साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. मीही तेच गृहीत धरून गेलो होतो. बाई म्हणाल्या, वडिलोपार्जित जमिनीत तुमचा जो हिस्सा तेवढाच तुम्ही मृत्युपत्रानं देऊ शकता, बहिणींचा नाही. महाराष्ट्रानं १९९४ लाच मुलींना हिस्सेदार केलं, २००५ च्या दुरुस्तीनं ते देशभर आलं आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, बाप जिवंत असलाच पाहिजे असंही नाही. आणि पुढं जे केलं ते मला आवडलं: बहिणींना मी आणतो म्हटलं तर, "तुम्ही बाहेर बसा, मी दोघींशी बोलते." थोरलीनं हक्क सोडला, धाकटीनं सोडला नाही. घरात चार दिवस तोंडं फुगलेली होती. तरी हे आत्ता, आम्ही सगळे जिवंत असताना झालं ते बरंच झालं असं माझं मत आहे. भावाचं नाही.

जुने कागद उर्दूत होते. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, त्यामुळं ही अडचण इथं घरोघरी. बाईंच्या ओळखीचे एक रिटायर्ड गुरुजी ते वाचून मराठीत उतरवून देतात, त्यांचे पैसे वेगळे.

यानंतर मृत्युपत्र. अडीच पानं. त्याआधी आणखी एक धक्का होता. मी मृत्युपत्र न करता गेलो असतो तर माझ्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, मुलगा, मुलगी आणि आमची माय, चौघांना सारखा वाटा. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे. माय पंच्याऐंशीची, तिचा वाटा पुढं तिच्या सगळ्या लेकरांत फिरणार. मी मायला सांगितलं तर म्हणाली, "मला कशाला रं, भाकर दिली म्हंजी झालं." बाईंनी तिच्या औषधपाण्याची जबाबदारी पेढीच्या नफ्यातून, असं वाक्य टाकलं. ते कुणी सुचवलं नव्हतं.

साक्षीदार दोन लागतात. माझ्या बरोबरीचे दोन मित्र तयार होते. बाईंनी नकार दिला: पुढं वाद झाला तर कोर्टात उभं राहायला साक्षीदार हयात पाहिजे, तुमच्याहून वीस वर्षं लहान आणा, ज्याला काही मिळणार त्याला आणू नका. डॉक्टरचा दाखला घेतला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडं करून घेतली. नॉमिनीचंही त्यांनी समजावलं. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक ठरतो तो वारस. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, तरी तेवढ्यावर विसंबू नका म्हणाल्या.

आमच्या पशुखाद्याला जीएसटी नाही, पण शेजारचे हार्डवेअरवाले माझ्याबरोबर आले होते. ते एकटेच मालक, त्यांचं प्रकरण निराळं. त्यांचा जीएसटी क्रमांक त्यांच्या पॅनवर आहे, ते गेले की मुलाला नवा काढावा लागेल आणि मालावरचं क्रेडिट (खरेदीत आधीच भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मनं फिरवावं लागेल. इथं बाईंनी हात वर केले, हे तुमच्या सीएला विचारा म्हणाल्या. टॅक्सच्या प्रश्नाला त्यांच्याकडं जाऊ नका.

आता तक्रारी. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा, कठडा एकाच बाजूला. गुडघेवाल्या माणसांचं मृत्युपत्र करायचं आणि त्यांना हा जिना चढायला लावायचा, याचं मला नवल वाटतं. फोन संध्याकाळी सातच्या आत उचलत नाहीत. पहिला मसुदा इतका कोर्टी मराठीत होता की सबब-तहहयातच्या पुढं मी गेलोच नाही, सांगितल्यावर सोपा करून दिला, तो आधीच द्यायला हवा होता. टायपिस्टनं एका गटाचा नंबर चुकवला, तो भावजयीनं पकडला. सही करण्याआधी सातबारा हातात धरून एकेक आकडा ताडून घ्या.

फी १८,००० झाली, करारनामा आणि मृत्युपत्र मिळून, सरकारी खर्च आणि गुरुजींचे पैसे वेगळे. बाजारात मृत्युपत्र दोन-तीन हजारांत करून मिळतं. पण उधारीची वही तिथं कुणी उघडत नाही. हप्ते मागितले तर देतात.

जाताना करारनामा, सातबारा, आठ-अ, बँकेचं मंजुरीपत्र आणि भाड्याच्या पावत्या न्या. कोर्ट सुटल्यावर, साडेपाचनंतर जा. खाली चहाची टपरी आहे, बाईंचा शिपाई तिथंच असतो. त्याला सांगितलं तर ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी बाई खाली येऊन बाकड्यावर बसतात. हे आम्हाला शेवटी कळलं.