सुपरनोव्हांचे वर्णपट वाचताना : एका कार्यशाळेविषयी

सदाशिव पेठेतील एका हौशी खगोलमंडळाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेल्या महिन्यात हजेरी लावली. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हाती सीडीचा तुकडा चिकटवलेला पुठ्ठ्याचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत (वर्णपटात) विभागून दाखवणारे साधन, दिला गेला, आणि तो ट्यूबलाइटकडे रोखताच पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा स्वच्छ दिसली. त्यामुळे पुढचे विवेचन हवेत राहिले नाही.

अतितेजस्वी सुपरनोव्हांची, म्हणजे ताऱ्यांच्या सर्वांत प्रखर स्फोटांची, निरपेक्ष प्रत (ठरावीक समान अंतरावरून मोजलेले तेज; आकडा जितका उणे, तितके तेज जास्त) साधारण उणे २१ किंवा त्याहून तेजस्वी असते. मात्र त्यांचे गट तेजावरून नव्हे, तर वर्णपटातील रेषांवरून पडतात. पहिल्या गटात हायड्रोजन आढळत नाही आणि सुरुवातीच्या वर्णपटात आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनच्या गडद शोषणरेषा इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार घेतात. दुसऱ्या गटातल्या एसएन २००६जीवाय या सुपरनोव्हामध्ये मात्र हायड्रोजनच्या अरुंद, तेजस्वी उत्सर्जनरेषा होत्या, म्हणजे स्फोटाचा मलबा ताऱ्याने आधीच टाकलेल्या वायूवर आदळत होता. स्फोटानंतर वर्षभराने दिसलेल्या काही अनोळखी रेषा उदासीन (विद्युतभार नसलेल्या) लोहाच्या असल्याचे २०२० मध्ये दाखवले गेले, आणि लोहाचे प्रमाण इतके निघाले की त्या वायूच्या आवरणात श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, घन गाभा, फुटला असावा, असा अर्थ पुढे आला. हा भाग व्याख्यात्यांनी रहस्यकथेसारखा उलगडला. तेवढ्यासाठीही शुल्क वसूल झाले.

तक्रार एकच : प्रोजेक्टर इतका फिका होता, की नेमक्या त्या लोहरेषाच मागच्या रांगेतून दिसेनात. जाणाऱ्यांनी वेळेआधी पोहोचून पुढची खुर्ची धरावी.