सहा मिनिटांतली पंचवीस सेकंदं

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात बारा-तेरा जण असतात, सर्वांत धाकटा एकोणीस वर्षांचा आणि सर्वांत थोरल्या काकू चौसष्टच्या. गेली तीन वर्षं बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' हे पॉडकास्ट मी जवळपास दर आठवड्याला वापरते. म्हणजे हे परीक्षण एकदा ऐकून नव्हे, वापरून वापरून झिजवल्यावर लिहितेय.

साचा ठरलेला आहे. दोन निवेदक, एक विषय, सुरुवातीला तीन पर्यायांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर थेट शेवटी. मधे सहा शब्द किंवा वाक्प्रचार येतात, त्यांची जाता जाता उजळणी होते. ऐकायला फुकट, आणि संहिता वेबसाइटवर मिळते. निवेदकांच्या गप्पा लिहून काढलेल्या असतात आणि ते कळतं. 'अरे वा, असं होय!' हा त्यांचा सूर दहा-बारा भागांनंतर कानाला पाठ होतो. ते सहा शब्दही मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. शब्द काय, कुठेही मिळतात.

खरा माल मधेच असतो. बहुतेक भागांत बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या एखाद्या कार्यक्रमातला तुकडा घातलेला असतो. कुणी शास्त्रज्ञ, कुणी लेखिका, वीस-पंचवीस सेकंद बोलतात. ते कुणाला शिकवायला बसलेले नसतात. अडखळतात, वाक्य अर्ध्यात सोडून दुसरं धरतात, शब्द एकमेकांत घुसवतात. या पंचवीस सेकंदांसाठी मी हे पॉडकास्ट वापरते.

पहिल्या वर्षी मी सबंध भाग लावायचे आणि विचारायचे, "समजलं?" सगळे "हो" म्हणायचे. एकदा शेवटचं वाक्य लिहून दाखवा म्हटलं, तर अर्ध्या वह्या कोऱ्या. आता फक्त तो तुकडा लावते, पाच वेळा. पहिल्यांदा पेन खाली. दुसऱ्यांदा जे शब्द ठसठशीत ऐकू आले तेवढेच लिहायचे. मग जोडीजोडीनं गाळलेल्या जागा भरायच्या, पुन्हा ऐकायचं, आणि शेवटी संहिता.

यातून काय सापडतं ते सांगते. एकदा बोलण्यात 'शुड हॅव बीन' होतं. चौघांनी लिहिलं 'शुड ऑफ बीन'. चूकच, पण कानाशी प्रामाणिक. भरभर बोलताना त्या 'हॅव'चा 'ह' गळतो आणि नुसतं 'अव्' उरतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तीही माणसं हीच चूक लिहितात. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, इतकी वर्षं मी न उच्चारलेले शब्द शोधत बसले होते!"

'कॅन' आणि 'कान्ट'चंही तसंच. आपण 'कॅन' ठासून म्हणतो. ते 'आय कन् कम' म्हणतात, तो 'कन्' जेमतेम लागतो. 'कान्ट'मधला 'ट' बऱ्याचदा गिळला जातो, पण 'का' लांब आणि जोरात राहतो. म्हणजे शब्द ठळक ऐकू आला तर बहुधा नकार! व्याकरणाच्या पुस्तकातून मला हे कधी पटवून देता आलं नव्हतं. तुकडा तीनदा ऐकल्यावर वर्गानंच ते शोधून काढलं.

संहितेबद्दल एक माझीच फजिती. तिच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही शब्दशः प्रत नाही. मी कागद वाचवायला माथा कापून झेरॉक्स काढल्या. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती 'वेल' म्हणाली, पण कागदावर नाहीये." मी तिला सरळ "नीट ऐक" म्हणून गप्प केलं. दोनदा ऐकल्यावर मलाही ते 'वेल' ऐकू आलं. माफी मागितली आणि त्याचाच खेळ केला: कागद आणि कान कुठे जुळत नाहीत ते शोधा. आता हा खेळ वर्गाचा सर्वांत आवडता आहे.

अगदी नवशिक्यांसाठी मात्र हे नाही. त्यांच्यासाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाची जुनी पद्धत बरी. 1959 साली त्यांनी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं: साधारण 1500 शब्दांचा साठा, छोटी वाक्यं, संथ वाचन. त्यानं धीर येतो. पण प्रत्येक शब्द अख्खा ताटात वाढून मिळायची कानाला सवय लागते आणि खऱ्या बोलण्यापुढे माणूस पुन्हा बावचळतो. म्हणून दीड-दोन महिन्यांत तिथून उठवायचं.

आणि कृपा करून प्लेअरचा वेग पाऊणपट करून ऐकवू नका. निवेदक मुद्दाम सावकाश बोलतो तेव्हा शब्द सुटे होतात. यंत्रानं वेग कमी केला तर गिळलेला 'ट' परत येत नाही, गिळणंच तेवढं लांबतं. त्यापेक्षा थांबवा, पाच सेकंद मागे जा, पुन्हा लावा.

पॉडकास्ट तुमचं ऐकून घेत नाही, ही उणीव राहतेच. त्यावर माझा उपाय म्हणजे तोच तुकडा सावलीसारखा मागोमाग बोलायचा, अर्थाकडे दुर्लक्ष करून, नुसता ठेका पकडत. पहिल्या दिवशी सगळे हसतात. हसू द्यावं.

भाग निवडताना मी विषय शेवटी बघते. आधी संहिता उघडून पाहुण्याचं बोलणं शोधायचं, मग ते घड्याळ लावून ऐकायचं. तीस सेकंदांच्या वर गेलं तर अर्धंच घ्यायचं. तंत्रज्ञानावरचे जुने भाग मी टाळते, दोन-तीन वर्षांत शिळे होतात. झोप, आठवणी, शेजारी, खोटं बोलणं अशा विषयांचे भाग कितीही जुने असले तरी चालतात, आणि त्यांवर वर्ग सुटल्यावरही जिन्यात बोलणं चालू असतं.