ऑफ-सीझनमध्ये फुटबॉलपटूने काय धरावं: बारबेल की मशीन?

सीझन संपला, थोडी विश्रांती झाली, आता हाती सहा-आठ आठवडे आहेत. जिममध्ये दोन वाटा दिसतात: बारबेल-डंबेल किंवा मशीन. शिवाय वजनं उचलली की अंग आखडतं, ही जुनी धास्ती असतेच. ती आधी सोडा. सांध्याच्या पूर्ण हालचालीत, सावकाश खाली जात व्यायाम केला तर लवचिकता साधारण स्ट्रेचिंगइतकीच वाढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. अर्ध्यावरून वर येणाऱ्या स्क्वॉटवर चार प्लेटा जास्त चढतात खऱ्या, पण त्या फोटोपुरत्या.

माझा कौल बारबेल-डंबेलला. त्याचं कारण रोमानियन डेडलिफ्टमध्ये नीट दिसतं. गुडघे किंचित वाकवायचे, नितंब मागे ढकलायचे, बार मांडीला चिकटून खाली न्यायचा. नडगीच्या मध्यापर्यंत येईतो मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ताणलेला असतो आणि त्याच अवस्थेत भारही पेलत असतो. स्प्रिंटमध्ये हॅमस्ट्रिंग बहुतेकदा जातो तो असाच ताणलेला असताना, पाय पुढे फेकला जातो त्या क्षणी. पाठ गोल व्हायला लागली की मात्र तिथेच थांबा, मग बार गुडघ्यापाशी असला तरी चालेल.

दुसरी गोष्ट तोलाची. शॉट मारताना अख्खा भार एका पायावर असतो. लेग प्रेसवर (बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन) तोल सीट सांभाळते, बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटमध्ये, म्हणजे मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर केलेल्या स्क्वॉटमध्ये, तुम्हालाच सांभाळावा लागतो.

मग मशीन बाद? नाही. तंत्र दाखवणारं कोणी नसेल किंवा दुखापतीतून नुकतेच उठला असाल, तर फिजिओच्या सल्ल्याने मशीनपासूनच सुरुवात करा. लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवून टाच मागे ओढायची) करायचाच तर पालथं झोपून करण्यापेक्षा बसून करायचं मशीन घ्या. कंबरेत वाकून बसल्यामुळे हॅमस्ट्रिंग जास्त ताणलेला राहतो.

दोन व्यायाम मात्र दोन्ही वाटांबाहेरचे आहेत आणि ते टाळू नका. नॉर्डिक कर्लमध्ये जोडीदार घोटे धरतो आणि आपण गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकतो. संघांनी तो नियमित केला तेव्हा हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. जांघेसाठी कोपनहेगन प्लँक: कुशीवर होऊन वरचा पाय बाकावर टेकवायचा आणि अंग उचलून धरायचं.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. पहिले दोन आठवडे हलक्या वजनाने एका सेटमध्ये 10-12 रेप्स (आवर्तनं), नंतर वजन वाढवून 4-6. सेट संपताना अजून दोन रेप्स निघाल्या असत्या इतकी ताकद शिल्लक ठेवा. नॉर्डिकची सुरुवात दोन सेट, पाच-पाच रेप्स एवढीच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळेल का ते, आणि म्हणूनच स्प्रिंटच्या आदल्या दिवशी तो ठेवू नका.