प्रवासखर्च द्यावा की कायम नोकरी?

अमेरिकेतल्या कॉलेजांत लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेने (स्थापना १९४९) विद्यार्थ्यांचा स्वतःच्या बोलीवरचा हक्क १९७४ मध्ये मान्य केला. विद्यार्थ्यांतले वैविध्य असे मान्य झाले; तेच शिकवणाऱ्यांमध्येही आणायचे तर वाटा दोन. वंचित समाजांतल्या नवोदित शिक्षकांना संघटनेच्या अधिवेशनात पहिल्यांदा शोधनिबंध वाचायला प्रवासखर्च देणे, ही सोपी. संघटना ते करतेच, ओळखी होतात. पण परतल्यावर अनेकांच्या नशिबी पुन्हा सत्रागणिक कंत्राटच.

दुसरी वाट कायम नेमणुकांची, आणि बढतीत मार्गदर्शनाच्या कामालाही वजन देण्याची. विभागात एकच कृष्णवर्णीय प्राध्यापिका असेल तर अडलेले विद्यार्थी तिच्याच दाराशी येतात. प्रत्येक समितीवरही तीच हवी असते. हे तास बढतीच्या अर्जात क्वचितच मोजले जातात. वाट महाग आहे, शिवाय पदे भरणे कॉलेजांच्या हातात, संघटनेच्या नव्हे. तरी माझा कौल हिलाच.