डीसी क्लॅम्प मीटर : आठ महिन्यांचा वापर आणि व्हॅनमधला एक गंजलेला बोल्ट

नारायणगाव परिसरात विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. इतकी वर्षे वायरभोवती जबडा लावून एसी प्रवाह मोजणारा साधा टाँग टेस्टर मला पुरत होता. पीएम-कुसुम योजनेतून शेतात सौर पंप बसू लागल्यावर मात्र तो अपुरा पडू लागला, कारण पॅनेलकडून कंट्रोलरकडे येणारा प्रवाह डीसी असतो आणि साध्या टाँग टेस्टरच्या जबड्यातली कॉइल फक्त बदलत्या प्रवाहालाच प्रतिसाद देते. डीसीसाठी जबड्यात हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा भाग) असलेला क्लॅम्प मीटर लागतो. तसा मीटर मी गेल्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर घेतला. कंपनीचे नाव देत नाही, कारण या किमतीतले बहुतेक मीटर बरेचसे सारखेच आहेत आणि मला सांगायचे आहे ते अशा मीटरच्या उपयोगाबद्दल.

पंपांच्या कामात तो चोख चालला, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्याची खरी किंमत मला कळली ती जुलैमध्ये, माझी स्वतःची व्हॅन बंद पडली तेव्हा.

ओतूरच्या पुढे एका मळ्यात मोटार उतरवून परत निघालो होतो. पाऊस सकाळपासून लागून होता. चावी फिरवली, एकदा बारीक ‘टक’ असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम गेले. चावी सोडली की दिवे परत यायचे, केबिनचा छोटा बल्ब थोडा मंद पण व्यवस्थित जळायचा. शेजारच्या वस्तीवरून एका मिस्त्रींना बोलावले. त्यांनी लक्षण ऐकताच सांगितले, “भाऊ, बॅटरी गेली. नवीन टाका.” बॅटरी जेमतेम वर्षाची होती, तरी मी त्यांचे ऐकले आणि गावातून दुसरी आणवली. ती बसवल्यावरही तोच ‘टक’ आणि तोच अंधार. मग मिस्त्रींनी बॅटरीची केबल सुटी करून तिच्या टोकापासून बॉडीपर्यंत मीटरचा बझर (वाट अखंड असली की वाजणारा) लावून पाहिला. बझर वाजला, म्हणून अर्थिंग, म्हणजे बॅटरी ते बॉडीची जोडणी, ठीक आहे असे ठरले आणि सेल्फ खोलण्याची भाषा सुरू झाली.

तेव्हा मी त्यांना जरा थांबायची विनंती करून सीट उचलली आणि केबल परत जोडून स्वतः मोजायला बसलो. बॅटरीच्या दोन खुंटांवर १२.५८ व्होल्ट होते, म्हणजे ती जवळपास पूर्ण भरलेली होती. मदतनीस मुलाला चावी फिरवून धरायला सांगितले, तेव्हा आकडा १२.५४ झाला. बॅटरी कमजोर असती आणि सेल्फने जोर लावला असता, तर हा आकडा दहाच्या खाली घसरला असता. तो जागचा हलला नाही, याचा अर्थ सेल्फपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचतच नव्हता आणि बॅटरीवर खरा भार येतच नव्हता. दोष वाटेत कुठेतरी होता.

मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवली, लाल पिन सीटखालच्या उघड्या लोखंडावर टेकवली आणि चावी पुन्हा फिरवायला सांगितली. या दोन बिंदूंमध्ये सेल्फ ओढत असताना ०.२ व्होल्टच्या आसपासच फरक दिसायला हवा. मीटरने १२.१ दाखवले. बॅटरीचा जवळजवळ सगळा दाब त्या एवढ्याशा अंतरात खर्च होत होता. लाल पिन केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या थिंबलवर आणली तेव्हा ०.०२, आणि थिंबलपासून दोन बोटांवर, बॉडीच्या पत्र्यावर परत १२.१. केबल चांगली, पत्रा चांगला, दोष त्या दोघांना जोडणाऱ्या एका बोल्टखाली होता. बोल्ट सोडवला तर वॉशरखाली ओला, तपकिरी गंज निघाला आणि थिंबलच्या पाठीवर पांढरट-हिरवा थर. सँडपेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासले, थिंबल घासला, बोल्ट करकचून आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. त्यानंतर पहिल्या चावीला गाडी सुरू झाली.

बझर वाजूनही जोड खराब कसा, हे नीट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण याच ठिकाणी माणूस बॅटरी, सेल्फ आणि डायनामो यांवर हजारो रुपये घालवतो. बहुतेक मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजतो. त्या बोल्टखाली चार-एक ओहम रोध असेल असे मी धरतो. बझरच्या दृष्टीने तो जोड ‘चालू’ होता आणि पाच वॅटच्या बल्बला लागणारा अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाहही त्यातून सुखाने जात होता. सेल्फला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात, आणि चार ओहममधून बारा व्होल्टला तीनच अँपिअर निघतात. दीडशे अँपिअरच्या वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडकला, तरी दीड व्होल्ट तिथेच संपतात. म्हणून मोटारगाडीतला जोड तपासायचा तो भार चालू ठेवून, त्या जोडावर किती व्होल्ट पडतात ते पाहून. तीन फेजच्या मोटारींवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे आधीच सुचायला हवे होते. पण घराच्या आणि शेताच्या वायरिंगमध्ये परतीची वायर डोळ्यांना दिसते, गाडीत सगळा लोखंडी सांगाडाच परतीची वायर असतो आणि त्याकडे लक्ष जात नाही.

याच कारणासाठी मी मीटरबरोबर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी डाख देऊन जवळ ठेवतो. वायर किंवा जोड आतून गंजून रोध वाढला असला तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, त्यामुळे असा दोष लगेच उघडा पडतो.

नोव्हेंबरमध्ये दुसरी तक्रार आली. व्हॅन तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची. दारे बंद करून अर्धा तास थांबलो, क्लॅम्प शून्यावर आणला आणि निगेटिव्ह केबलभोवती लावला, तेव्हा ०.४२ अँपिअर दिसले. असा प्रवाह दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खातो. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असता, तर मी लक्ष दिले नसते. फ्यूज एकेक उपटण्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजले, कारण प्रवाह वाहत असलेल्या फ्यूजवरच ते दिसतात. सगळीकडे शून्य, फक्त एका लाल फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट. तो मागच्या डिकीच्या दिव्याचा होता. दाराचा स्विच चिखलाने अडकून पाच वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळत होता.

आता उणिवा. क्लॅम्पचे शून्य स्थिर राहत नाही. मीटर नुसता दुसऱ्या दिशेला वळवला तरी ०.०३-०.०५ अँपिअरचा फरक पडतो, त्यामुळे केबलजवळ, त्याच दिशेत धरूनच शून्य करावे लागते आणि त्याहून लहान प्रवाहासाठी मी जुना मल्टिमीटर वापरतो. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो, जे अर्धा तास थांबण्याच्या कामात फार त्रासाचे आहे. सेल्फ मारताना दाब क्षणभर किती खाली गेला, ते या मीटरला पकडता येत नाही. सोबत आलेल्या वायरी ताठ होत्या आणि पाचव्या महिन्यात पिनेजवळ तुटल्या. सिलिकॉनच्या मऊ वायरी घेतल्यावर काम सोपे झाले.

केवळ घरगुती वायरिंग करणाऱ्याने यासाठी जादा पैसे घालू नयेत. ज्याचे पोट गाडीवर किंवा सौर पंपांवर आहे, त्याने जरूर घ्यावा. मी पुन्हा हाच प्रकार घेईन. त्या बोल्टवरचा आकडा मी दर महिन्याला सेल्फ मारताना मोजतो आणि सीटखाली चिकटवलेल्या कागदावर लिहितो. ऑगस्टमध्ये तो ०.०८ व्होल्ट होता, जानेवारीत ०.१९ झाला, म्हणून गेल्या रविवारी बोल्ट पुन्हा सोडवून घासला.