इन्स्टा की व्हॉट्सॲप: गोव्यात फोंड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरचं मत

नवीन क्लिनिक टाकणारी पोरं पूर्वी खुर्ची कुठल्या कंपनीची घेऊ असं विचारायची, आता पहिला प्रश्न असतो की इन्स्टा करू की व्हॉट्सॲपवर भागवू. गेल्या महिन्यात बांबोळीहून, म्हणजे तिथल्या सरकारी डेंटल कॉलेजातून, पास झालेल्या तिघांनी हेच विचारलं, तिघांना तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी दोन्ही करून बसलोय, इन्स्टा जवळजवळ दीड वर्ष, व्हॉट्सॲप बिझनेस त्याच्या आधीपासून आणि ते अजून चालू आहे. माझे पेशंट म्हणजे बाजारातले दुकानदार, बेतोडा-कुंडईच्या फॅक्टऱ्यांतले कामगार, फर्मागुडीची कॉलेजची पोरं आणि आजूबाजूच्या गावांतली आजी-आजोबा मंडळी. तुमच्याकडे वेगळे लोक येत असतील तर माझं गणित बसेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इन्स्टाला नावं ठेवायच्या आधी त्याचं श्रेय देतो. लोक आपल्याकडे यायला घाबरतात ते मशीनच्या आवाजाला, सुईला आणि त्या वासाला, आणि आतलं थोडं दिसलं की ती भीती जरा कमी होते. माझी सगळ्यात जास्त चाललेली रील ही अशीच, असिस्टंटने मोबाईल धरला, मी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमधून, निघालेलं हत्यारांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर फाडलं, पट्टीचा बदललेला रंग दाखवला आणि हे १२१ डिग्रीला पंधरा मिनिटं राहून आलंय एवढंच कोकणीत बोललो. संपलं. त्यानंतर कॉलेजची चार-पाच पोरं खुर्चीत बसल्या बसल्या "ते पाकीट आमच्यासमोरच फाडा हां डॉक्टर" म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण ती रील माझी होती, एजन्सीची नव्हे. एजन्सीला महिन्याला बारा हजार द्यायचो, आठ रील आणि चार पोस्टर असा हिशेब, आणि त्यांचा मुलगा दर दुसऱ्या गुरुवारी बरोब्बर माझ्या जेवणाच्या वेळेला रिंग लाइट घेऊन हजर. मला हवेत इकडे तिकडे बोट दाखवायला लावायचा, त्या जागी नंतर अक्षरं उगवायची. बायकोने त्यातली एक बघितली आणि दोन दिवस मला "बोट कुठे दाखवू" म्हणून छळलं. बिझनेस अकाउंट असल्यामुळे चालू सिनेमाची गाणी लावता यायची नाहीत, मग कुठलं तरी फुकटचं टुंगटुंग संगीत. व्ह्यूज यायचे, नाही असं नाही, पण बघणारे कुठले म्हणून आकडे उघडले तर पुणे, हैदराबाद, इंदूर. इंदूरचा माणूस दाढ काढायला फोंड्याला कशाला येतोय?

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. बिनसलं ते इनबॉक्सवरून.

इन्स्टावर अनोळखी माणसाचा मेसेज सरळ समोर येत नाही, रिक्वेस्टच्या कप्प्यात जाऊन पडतो. तो कप्पा उघडला की आत काय असायचं, तर "रेट?", "प्राईस प्लीज", "अलायनर कितले पडटले?", कुणाचं नुसतं बदाम, कुणी फॉलोअर विकायला आलेला. रेट विचारणाऱ्याला उत्तर तरी काय देणार, एक्स-रे बघितल्याशिवाय त्या दाढेला फिलिंग पुरेल की आरसीटी म्हणजे रूट कॅनल लागेल की काढावीच लागेल हे मला तरी कुठे माहीत. तरी सुरवातीला रोज रात्री बसून मी सगळ्यांना नीट उत्तरं लिहायचो, एकदा येऊन दाखवा, तपासून सांगतो वगैरे, आणि समोरून "फाल्यां येतां", म्हणजे उद्या येतो. त्या फाल्यां येणाऱ्यांपैकी दीड वर्षात किती आले ते मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो, आणि अंगठे धरायची गरज पडत नाही. मग साहजिकच कप्पा उघडायचा कंटाळा येऊ लागला. दोन दिवसांनी एकदा, मग चार दिवसांनी.

त्यातच एका शनिवारी रात्री एका जुन्या पेशंटच्या मुलाने तिथे फोटो पाठवला, वडिलांच्या खालच्या अक्कलदाढेकडे गाल टम्म सुजलेला, तोंड दोन बोटं पण उघडत नव्हतं. मुलगा मला ओळखायचा तो रील्समुळे, त्यामुळे त्याने पाठवला तिथेच, त्याचं काय चुकलं? मी बघितला सोमवारी दुपारी, वर दोन "रेट?" आणि खाली एक बदाम, मध्ये तो गाल. तोपर्यंत ते बांबोळीला जाऊन आले होते आणि औषध चालू झालं होतं, नशीब. मला कुणी काही बोललं नाही. पण तीच माणसं माझ्याकडे वर्षानुवर्षं येत होती, माझा फोन नंबर त्यांच्या घरात होता, आणि मीच बोटं नाचवून त्यांना अशा दारावर नेऊन उभं केलं जिथे मी स्वतः नसतो. त्या महिन्याअखेरीस एजन्सीला राम राम केला.

आफ्टर-बिफोर फोटोंचं पण एक सांगायला हवं. फोंडा केवढंसं, नुसते दात दाखवले तरी लोक ओळखतात. एका मुलीची समोरची फट बुजवली, तिची लेखी परवानगी घेतली, चेहरा कापला, ओठ आणि दात तेवढे ठेवले, तरी खाली कुणीतरी तिच्या आईचं नाव घालून मोकळं. मुलीनेच फोन करून काढायला सांगितला, पाच मिनिटांत काढला. तेव्हापासून फोटो बंद.

आता व्हॉट्सॲप. दाखवण्यासारखं यात काहीच नाही, हे मान्य. कुणी व्हॉट्सॲपवर डॉक्टर फेमस झाल्याचं ऐकिवात नाही. पण दोन गोष्टी आहेत ज्या मला इन्स्टाने कधी दिल्या नाहीत. एक म्हणजे लेबल, चॅटला लावायची खुणेची चिठ्ठी. आरसीटीचा पेशंट पहिल्या बैठकीनंतर दुखायचं थांबलं की गायब होतो, हे मला तुम्हाला सांगायला नको, आणि वर्षाने तीच दाढ मोडून घेऊन येतो आणि वर म्हणतो डॉक्टर तुम्ही केलेली टिकली नाही. मी "अर्धी आरसीटी" असं लेबल केलंय, दर शनिवारी असिस्टंट ती यादी काढून नावाने मेसेज टाकते, अमुकबाब, दाढेला कॅप राहिली आहे, कधी येता. निम्मे तरी येतात, मोजलेलं नाही, अंदाज आहे. ह्याला मार्केटिंग म्हणायचं की वसुली ते तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट फॉरवर्ड. दाढ काढल्यावरच्या सूचना मी क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे एका टिचकीत जाणाऱ्या तयार उत्तरांत, ठेवल्यात, कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरा, थुंकू नका, आज चूळ भरू नका, स्ट्रॉ नको, विडी-सिगरेट तर अजिबातच नको, गार मऊ खा, तिसऱ्या दिवशी ठणका वाढला तर घरी बसू नका, फोन करा. मराठीत लिहून आणि खाली कोकणीत बोललेला ऑडिओ, कारण आजीला वाचायचा चष्मा सापडत नसतो. हा मेसेज कवळ्यापासून शिरोड्यापर्यंत कुठे कुठे फिरलाय मला माहीत नाही. एकदा एक बाई आल्या, माझ्या कधीच पेशंट नव्हत्या, बहिणीची दाढ दुसऱ्याच कुणी काढली होती आणि सूचना मात्र माझ्या ऐकत होत्या. "दांत साफ केल्यार हालतात खंय", म्हणजे दात साफ केले की हलतात म्हणे, ह्यावर पण एक ऑडिओ केलाय, तो पण असाच फिरतो.

त्रास नाही असं नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एका यादीतल्या सगळ्यांना, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत २५६ च माणसं, त्यामुळे पहिल्या दिवशी काउंटरवरच नंबर सेव्ह करून घ्यावा लागतो. असिस्टंट समोर उभी राहून करून घेते आणि कोण काय नावाने सेव्ह करतं ते मला येऊन सांगते, एकाने नुसतं "दूख" म्हणून केलंय. शिवाय सकाळचे गुड मॉर्निंगचे गुलाब, आणि अंधाऱ्या तोंडात टॉर्च मारून काढलेले फोटो ज्यात टॉन्सिल छान दिसतात आणि दाढ कुठेच नाही. पण हे सगळं मी बघतो, कारण ते समोरच येऊन पडतं.

नियमांचं एका वाक्यात, कारण नवीन मुलं हे वाचतच नाहीत. डेंटल कौन्सिलच्या २०१४ च्या आचारसंहितेत पेशंट ओढायला जाहिरात करणं अनैतिक धरलंय, क्लिनिक सुरू केलं, पत्ता बदलला, काही दिवस बंद आहे, परत आलो, असली निवेदनं मात्र चालतात. माझे ब्रॉडकास्ट बहुतेक याच पठडीतले, चतुर्थीला पाच दिवस बंद. पैसे टाकून "हसू परत मिळवा, आजच या" असलं बूस्ट करण्याआधी ती संहिता एकदा वाचा एवढंच म्हणतो.

कांदोळीला माझा एक वर्गमित्र आहे, त्याचं सगळं उलटं चालतं. त्याचे निम्मे पेशंट परदेशी, तिकीट काढायच्या आधीच इन्स्टावर क्लिनिक बघून, आधी मेसेज करून ठरवून येणारे, आणि त्याने त्यासाठी वेगळी मुलगी ठेवलीय जी रात्री अकराला पण रिक्वेस्ट उघडते. समुद्राच्या पट्ट्यात बसणार असाल आणि अशी मुलगी परवडत असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही. गुगल मॅपवर पिन मात्र दोघांनीही नीट लावा, दुपारी एक ते चार बंद असतो ते पण टाका, नाहीतर सुजलेला गाल घेऊन माणूस भर उन्हात शटरसमोर उभा राहतो आणि एक स्टार देऊन जातो.

माझं इन्स्टा अजून आहे, बंद नाही केलं. वर बायोमध्ये लिहिलंय, मेसेज इथे करू नका, व्हॉट्सॲप करा. तरी महिन्याला दोन-तीन "रेट?" पडलेले असतातच.

आणि व्हॉट्सॲप केलंत तर सिम पहिल्या दिवसापासून वेगळं घ्या. माझं पहिली दोन वर्षं घरचाच नंबर होता. चतुर्थीला स्टुलावर चढून माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, नारळाचा घड बांधत होतो, खिशात फोन वाजला, खाली उभ्या भावाला म्हटलं बघ रे कोण आहे, तर त्याने स्क्रीन वर धरून दाखवली. कुणाची तरी मोडलेली दाढ, टॉर्च मारून काढलेली, खाली लिहिलेलं, "हॅपी चतुर्थी डॉक्टर, हें कितें जालां?"