शेताच्या निचऱ्यासाठी सिमेंट पाइपचा लोखंडी साचा : वापरानंतरचा अभिप्राय

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले गेल्यामुळे शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत क्षारपड आणि पाणथळ जमिनीचा प्रश्न गंभीर झाला आहे, आणि ते पाणी बाहेर काढण्यासाठी शिवाराशिवारांत चर खोदले जात आहेत. जमिनीखालच्या निचऱ्यासाठी छिद्रांचे पीव्हीसी पाइप चांगले काम देतात. परंतु त्यांतून आलेले पाणी ज्या उघड्या चरात पडते, तो चर बांधाखालून, गोठ्याच्या वाटेखालून किंवा घराच्या अंगणाखालून पुढे न्यायचा असेल, तेथे सिमेंटचा पाइपच सोयीचा पडतो. असे पाइप गावातच ओतता यावेत म्हणून आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून 300 मिमी आतल्या व्यासाचा आणि 1 मीटर उंचीचा लोखंडी साचा एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून करून घेतला. भर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशा दोन्ही ऋतूंत त्यातून पाइप काढून, ते जमिनीत बसवून आणि त्यांतून पाणी वाहताना पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

साच्याची रचना साधी आहे. बाहेरचा पत्रा दोन अर्धगोलांत असून एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला नटबोल्ट आहेत. आत उभ्या फटीचा कोअर, म्हणजे पाइपची पोकळी राखणारे नळकांडे, आहे, ज्याच्या फटीत लोखंडी पाचर ठोकली की तो पूर्ण गोल होतो आणि पाचर काढली की किंचित आत मिटतो. खाली तळकडे, वर तोंडकडे आणि उचलण्यासाठी दोन मुठी, एवढाच सगळा सरंजाम आहे. कारागीर अशा साच्याची किंमत बहुधा लोखंडाच्या वजनावर सांगतात, त्यामुळे दर विचारण्याआधी पत्र्याची जाडी विचारावी. 3 मिमी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास भरते आणि या मापाच्या साच्यात बाहेरचा व आतला मिळून दोन चौरस मीटरहून थोडा अधिक पत्रा लागतो. म्हणजे कडी, अँगल आणि बोल्ट वगळता केवळ पत्राच पन्नास किलो झाला. कोणी याच मापाचा साचा फारच हलका आणि स्वस्त देत असेल, तर त्याने पत्रा पातळ घेतला आहे, आणि पातळ पत्रा माल ठासताना फुगतो.

या साच्याचे खरे मोल त्याच्या कोअरमध्ये आहे, आणि खरेदीला जाणाऱ्याचे लक्ष नेमके तेथेच नसते. बाहेरचा पत्रा गुळगुळीत आणि रंग दिलेला असतो, तो पाहून मन भरते. पण काँक्रीट आळताना आणि वाळताना आकसते. आकसताना ते बाहेरच्या पत्र्यापासून सुटते आणि आतल्या कोअरला घट्ट धरते. त्यामुळे बाहेरचा साचा उशिरा उघडला तरी बिघडत नाही, पण कोअर वेळेवर निघाला नाही तर एक तर तो अडकतो, किंवा ओढताना कोवळ्या पाइपला उभी चीर जाते. फट नसलेला, सरळ नळकांड्यासारखा कोअर असलेले साचेही विकले जातात. त्यांतला कोअर माल आळू लागल्यावर थोड्या थोड्या वेळाने फिरवत ठेवावा लागतो आणि त्यासाठी एक माणूस दिवसभर अडकून पडतो. आमच्या साच्यातील पाचरीची सोय यासाठीच मला सर्वांत अधिक पसंत पडली. पाचर काढताच कोअर सभोवार एकदोन मिलिमीटरने सुटतो आणि दोन माणसे तो सरळ वर उचलू शकतात. उचलताना मात्र तो तिरका होऊ देता कामा नये. त्यासाठी कोअरच्या तोंडावर आडवी सळई वेल्ड करून घेतली, तर तिच्यात बांबू अडकवून दोघांना सारखा जोर लावता येतो. ही सळई कारागीर स्वतःहून लावत नाहीत, सांगावी लागते.

कोअर काढण्याची वेळ हवामानावर ठरते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ओतलेल्या पाइपचा कोअर दुपारच्या आधी काढावा लागला, तर थंडीत तोच संध्याकाळपर्यंत थांबवावा लागला. घड्याळापेक्षा बोटाने दाबून पाहणे अधिक भरवशाचे ठरले: वरच्या कडेवर अंगठा दाबला असता खळगा पडू नये, पण नखाने ओरखडा उठावा, ही ती वेळ.

कोअर मधोमध बसणे ही दुसरी मोठी बाब आहे, आणि येथे साच्यात दोष आहे. तळकड्याला कोअर बसवण्यासाठी जी खाच दिली आहे ती ढिली असल्याने कोअर खाली बरोबर बसला तरी वर झुकतो. 40 मिमी जाडीचा पाइप हवा असताना एका बाजूला 35 आणि दुसऱ्या बाजूला 45 मिमी अशी जाडी आली, तर सिमेंट तेवढेच खर्च होते, पण पाइपची ताकद पातळ बाजूवर ठरते. यावर उपाय म्हणून माल ओतताना तोंडावर 40 मिमी जाडीचे लाकडी ठोकळे तीन ठिकाणी ठेवावेत आणि माल वर येत जाईल तसे ते काढत जावेत. कारखान्याकडून खाच घट्ट करून मिळणे मुळीच अवघड नव्हते. एवढ्या कामाच्या वस्तूत ही ढिलाई राहायला नको होती.

बाहेरच्या दोन अर्धगोलांच्या सांध्यातून सिमेंटचे पाणी गळते आणि तेथे पाइपच्या अंगावर खडी उघडी पडून पोळ्यासारखी छिद्रे राहतात, ही तक्रार जवळपास सर्वच लोखंडी साच्यांबद्दल ऐकू येते. सांध्यात सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली की गळती थांबते. बोल्टच्या आट्यांत सिमेंट बसून ते अडकू नयेत म्हणून प्रत्येक वेळी ग्रीस लावणे भाग आहे. नव्याने साचा करून घेणाऱ्याने बोल्टऐवजी खिळ आणि पाचर असलेली पकड मागावी, कारण ती हातोडीच्या एका ठोक्यात सुटते आणि तिच्यात खराब होण्यासारखे काही नसते. माल चिकटू नये म्हणून साच्याला आतून शटरिंग ऑइल पातळ पुसावे. गाडीचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून बरेच जण तेच लावतात, पण त्याने पाइप काळा पडतो, कोवळ्या काँक्रीटचा वरचा थर खराब होतो आणि तेलकट अंगावर पुढे सांध्याचा मसाला नीट चिकटत नाही.

मालाचा हिशेब सांगतो. 300 मिमी आतला व्यास, 40 मिमी जाडी आणि 1 मीटर लांबी धरली, तर पाइपला सुमारे 0.043 घनमीटर काँक्रीट लागते आणि त्याचे वजन शंभर किलोच्या थोडे वर जाते. सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या एकास दीड आणि तीन या प्रमाणात एका पाइपला साधारण सतरा किलो सिमेंट लागते, म्हणजे 50 किलोच्या एका गोणीत तीन पाइप जेमतेम बसतात. सांडलवंड धरून अडीच धरावेत. खडी पाइपच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी नसावी, म्हणून नेहमीच्या स्लॅबची 20 मिमी खडी येथे चालत नाही, 10 ते 12 मिमीची बारीक खडीच घ्यावी. पाणी एका गोणीला 20 ते 22 लिटरांच्या आत ठेवावे आणि वाळू ओली असेल तर आणखी कमी करावे. माल सैल केला की तो भराभर खाली जातो आणि काम सोपे वाटते, पण खडी तळाशी बसते आणि वरच्या तोंडाला नुसते सिमेंटचे पाणी राहते. ते तोंडच पुढे सांध्याच्या जागी येते आणि सर्वांत आधी ठिसूळ होते. माल वीतभर थरांनी घालावा, प्रत्येक थर सळईने ठासावा आणि बाहेरून लाकडी हातोड्याने सर्व बाजूंनी ठोकावे. 40 मिमीच्या फटीत नीडल व्हायब्रेटर (मालात बुडवून थरथरवण्याची दांडी) नीट फिरत नाही, त्यामुळे तो आत घालण्याच्या भानगडीत पडू नये.

पाणी मारण्याबाबत येथे कोणतीही सवलत नाही. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस पाइप ओला राहिला पाहिजे. पाइप पातळ असतो आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून वाळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही. ओली गोणपाटे आत आणि बाहेर दोन्हीकडे हवीत, किंवा सरळ हौदात बुडवून ठेवावेत. क्षारपड जमिनीत सल्फेट असतील, तर ते साध्या सिमेंटला हळूहळू पोखरतात, त्यामुळे तेथे स्लॅग सिमेंट घेणे शहाणपणाचे. त्याच जमिनीतले क्लोराइड आतल्या तारेला गंज चढवतात. 40 मिमीच्या भिंतीत तारेचा पिंजरा बसवला, तर तिच्यावर दोन्ही बाजूंनी दोन सेंटिमीटरही आवरण उरत नाही. म्हणून शेतातल्या ज्या पाइपवरून वजनदार वाहन जाणार नाही, त्यांत आम्ही पिंजरा घातलाच नाही.

या निर्णयाला आधार आहे. काँक्रीट पाइपसाठीच्या आयएस 458 या भारतीय मानकात एनपी1 (एनपी म्हणजे नॉन-प्रेशर, दाबाखाली पाणी न नेणारा) हा वर्ग बिनसळईच्या पाइपचा आहे आणि तो उथळ चरातील निचरा व सिंचनासाठी, 450 मिमी व्यासापर्यंत धरलेला आहे. एनपी2 पासून पुढचे वर्ग मुख्यतः सळईचे, आणि एनपी3 व एनपी4 हे रहदारीच्या भारासाठी. हाताने ओतलेला आपला पाइप एनपी1 च्या कामापुरता समजावा, मात्र मानकाप्रमाणे चाचणी झाल्याशिवाय त्यावर ते नाव लिहू नये. मानकातील पाण्याच्या दाबाची चाचणी सुमारे 7 मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढी असते. आपण पाइप उभा करून, तळ मसाल्याने बंद करून पाण्याने भरून ठेवला, तर तळाशी जेमतेम 1 मीटरचा दाब येतो. तरीही ही घरगुती तपासणी जरूर करावी, कारण जेथे पोकळी राहिली आहे तेथे बाहेरून ओल उमटते आणि तो पाइप वेगळा काढता येतो.

ज्या पाणंदीवरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जातो, तेथे साच्यातला पाइप घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरून भार आला की पाइप चपटा होऊ पाहतो, माथ्यावर आणि तळाशी आतून ताण बसतो, आणि बिनसळईचे काँक्रीट ताण सोसत नाही. ते वाकत नाही, एकदम फुटते. तेथे कारखान्यात फिरत्या साच्यात ओतलेला एनपी3 किंवा एनपी4 पाइपच हवा. ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी 1910 मध्ये साचा आडवा गरगर फिरवून पाइप ओतण्याची रीत काढली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे सिमेंटच्या कोणत्याही पाइपला ह्यूम पाइप म्हणण्याची सवय पडली आहे. ती सवय येथे धोक्याची ठरते, कारण फिरत्या साच्यात केंद्रोत्सारी जोराने माल दाबला जाऊन जो घट्टपणा येतो तो हाताने ठासून येत नाही, आणि त्या नावावर विसंबून लोक साधा पाइप रस्त्याखाली गाडतात.

मग साचा कशासाठी घ्यावा? कारखान्यातला अडीच मीटरचा पाइप, भिंत हीच धरली तरी, अडीचशे किलोंच्या वर जातो. तो चिखलाच्या चरापर्यंत न्यायला ट्रॅक्टर आणि उतरवायला साखळी लागते. 1 मीटरचा पाइप मात्र दोन माणसे बांधावरून लोटत नेतात. ओढ्याकाठच्या ज्या अडचणीच्या जागी आम्हाला काम करायचे होते, तेथे हाच फरक निर्णायक ठरला. लांबी कमी म्हणजे सांधे जास्त, ही त्याची किंमत. साच्याबरोबर कॉलर, म्हणजे दोन पाइपच्या सांध्यावर बसणारी सिमेंटची पट्टी, ओतण्याचे कडे वेगळे मागून घ्यावे. आमच्या साच्याबरोबर ते नव्हते आणि नंतर करून घ्यावे लागले. काळ्या मातीत तळाला दहा-पंधरा सेंटिमीटर मुरमाचा थर ठोकून बसवल्याशिवाय पाइप मांडू नयेत, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दर हंगामी एकेक सांधा उघडत जाते.

मापाविषयी एक सूचना. 300 मिमीचा पाइप 200 मीटरला 1 मीटर उतारावर पूर्ण भरून वाहिला, तर सेकंदाला सुमारे 60 लिटर पाणी नेतो, तेही आतला भाग बऱ्यापैकी गुळगुळीत असेल तर. 450 मिमीचा पाइप त्याच उतारावर जवळपास तिप्पट पाणी नेतो. म्हणून चराला पाणी जास्त असेल, तर लहान पाइपच्या दोन ओळी मांडण्यापेक्षा मोठा साचा करून घेणे केव्हाही बरे. मात्र 50 मिमी जाडीचा तो पाइप मीटरभरातच 190 किलोंच्या घरात जातो आणि दोन माणसांचे काम राहत नाही. फायबरचे साचे हलके असतात आणि त्यांना गंज चढत नाही, पण हातोड्याचे ठोके त्यांना सोसत नाहीत, आणि आमच्या कामाची सगळी भिस्त त्या ठोक्यांवरच आहे.

ढिली खाच, गळका सांधा आणि कॉलरच्या कड्याचा अभाव एवढे सोडले, तर हा साचा पैसे वसूल करून देणारा आहे, आणि शेजारच्या गावातल्या गटाला मी तोच घ्यायला सांगितला आहे. ताबा घेण्यापूर्वी कारखान्यातच तो पूर्ण जोडायला लावावा, कोअर आणि बाहेरचा पत्रा यांतले अंतर वर आणि खाली चार-चार ठिकाणी मोजावे, आणि पाचर काढून कोअर आपल्याच माणसांकडून उचलून पाहावा. तेथे जो रिकामा असताना अडखळतो, तो काँक्रीट भरल्यावर सुटणार नाही.